लोअर हाइडच्या फटी

हॉरेस प्रीसच्या घरात सरळ म्हणावी अशी एकही रेघ नव्हती, आणि त्याबद्दल प्रीस घराण्यात कोणी कधी तक्रारही केली नव्हती. स्वयंपाकघरात वाटाणा सांडला की तो आपल्या पायांनी उताराला लागायचा आणि शेगडीपाशी जाऊन थांबायचा. माडीवरच्या पलंगांना एका बाजूने ठोकळे लावलेले असत, नाहीतर झोपणारा सकाळी भिंतीला चिकटलेला सापडायचा. आमच्या हेरफर्डशरमध्ये, लेमस्टर गावाच्या पश्चिमेला, इंग्लंड संपून वेल्सची हद्द लागायच्या आधी अशी घरं पुष्कळ आहेत. तीन-चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओक तोडले, ओले असतानाच त्यांचे खांब आणि तुळया काढल्या, एका लाकडाचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकल्या आणि दगडी जोत्यावर सांगाडा उभा केला. मग लाकूड जसजसं वाळत गेलं, तसतसं घराने सोयीचं वाटेल तिकडे अंग वळवून घेतलं. आत राहणारी माणसंही त्याच्या कलाने चालायला शिकली.

त्या घराचं नाव लोअर हाइड. खांबांच्या मधल्या चौकटी कुडाने भरलेल्या होत्या: ओकच्या पट्ट्या, त्यांच्यात हेझलच्या काठ्यांची वीण, वर माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा लगदा, आणि त्याच्यावर चुना. या कुडाचं आणि लाकडाचं कधीच पटलं नाही. कोरड्या दिवसांत लाकूड आकसायचं, ओल्या दिवसांत फुगायचं, आणि दोघांच्या मध्ये बोटभर नसली तरी सुरीच्या पात्याएवढी फट कायम असायची. हॉरेसचा बाप एबेल दर मे महिन्यात बादलीभर चुना कालवून सगळ्या घराला हात द्यायचा. खांब, कूड, वळचणीची घरटी, मध्ये आलं तर मांजरसुद्धा पांढरं व्हायचं. का लावायचा, असं विचारलं तर म्हणायचा, माझा बाप लावायचा. त्याच्या बापाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. कारण केव्हाच विसरलं गेलं होतं, नुसता हात चालू होता. अशा कारण नसलेल्या गोष्टी टिकतात फार, पण मोडायलाही वेळ लागत नाही.

हॉरेसने १९३०मध्ये नेस्टाशी लग्न केलं. ती वेल्सची, समुद्राकाठच्या बोर्थ गावची. तिच्या माहेरचं घर विटांचं, चौकोनी आणि गच्च बंद. लोअर हाइडमधला पहिला हिवाळा तिने स्वयंपाकघरात कोट घालून काढला. जेवताना तेवढे ती हातमोजे काढायची. एकदा म्हणाली, तुमचं हे घर म्हणजे टोपली आहे, नुसती विणून ठेवलेली. हॉरेस पोट धरून हसला. बायको विनोदी मिळाली याचं त्याला कौतुक वाटायचं आणि तो ते वाक्य बाजाराच्या दिवशी लेमस्टरमध्ये सगळ्यांना सांगत सुटला.

त्यांना पहिला मुलगा झाला, सेसिल. त्याचा पाळणा तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत ठेवला होता, कारण शेगडीची ऊब पलीकडच्या भिंतीतून त्या खोलीत थोडीफार यायची. त्याच्या जन्मानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीत पोराला खोकला झाला. घसा धरला, छाती वाजायला लागली, आणि डॉक्टर बर्फातून वाट काढत येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हा रोग विटांच्या घरातही मुलं नेतो, घराचा काही दोष नाही. पण पोराला पुरून आल्यावर नेस्टा त्या खोलीत गेली, तिने मेणबत्ती लावली आणि पाळण्याच्या उशापाशी भिंतीजवळ धरली. ज्योत आडवी झाली आणि तशीच आडवी राहिली.

"हे बघ," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. ओरडली असती, रडली असती, त्याच्या अंगावर धावून गेली असती, तर हॉरेसला ते सोसलं असतं. डॉक्टरांचं म्हणणं खरं असेलही, पण आडव्या ज्योतीपुढे कोण वाद घालणार? त्या दिवशी हॉरेसने चंग बांधला की या घरात पुन्हा वाऱ्याची एक झुळूकही येऊ द्यायची नाही. बोलून दाखवलं नाही. प्रीसांच्या घरात बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

रूबेन बफ्टन हा गावचा सुतार आणि गवंडीही. हॉरेसबरोबर शाळेत होता. त्या काळात सगळीकडे सिमेंटचा बोलबाला होता. बाजारात माणसं ते दाखवत फिरायची, आणि सगळे म्हणायचे की दरवर्षी चुन्यात हात घालत बसायचे दिवस गेले, एकदा सिमेंट लावलं की नातवंडांपर्यंत बघायला नको. हॉरेस आणि रूबेन दोघांनी मिळून एका उन्हाळ्यात उत्तरेकडची भिंत धरली. जिथे कूड पोकळ वाजत होता तिथे तो उकरून टाकला आणि सिमेंट भरलं. बाकीच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, थेट लाकडाच्या कडेपर्यंत दाबून. मग लाकडाला डांबर फासलं. तेव्हा काळं-पांढरं घर म्हणजे खानदानी घर असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. एबेलचं घर नखशिखांत पांढरं असायचं, ते आता काळ्या पट्ट्यांचं झालं आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. पुढे लेमस्टरच्या एका दुकानात लोअर हाइडचं चित्र असलेली पोस्टकार्डंही मिळायला लागली. हॉरेसने एक विकत घेऊन दिवाणखान्यात लावलं. ज्या घरात आपण बसलोय त्याच घराचं चित्र भिंतीवर लावण्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

उत्तरेची भिंत झाली. मग पश्चिमेची, मग बाकीच्या. दरवर्षी सफरचंदं उतरवून झाली, सायडरच्या पिंपांना बूच लागलं, की हॉरेस बादली घेऊन घराभोवती फिरायचा. हात पाण्यात बुडवून ओला तळवा लाकडाच्या कडेकडेने फिरवायचा, जिथे गार लागेल तिथे सिमेंटची थोपी मारायचा. प्रत्येक वर्षी नवी चीर सापडायची, कारण ओक काही हलायचा थांबला नव्हता. गुत्त्यात त्याची टिंगल व्हायची. प्रीसने यंदा पिंपांना बूच मारलं की घराला, असं म्हातारे विचारायचे. तो हसून घ्यायचा आणि सायडर प्यायचा. मनात म्हणायचा, तुमची पोरं जिवंत आहेत, तुम्हाला काय कळणार.

मग मिरियम झाली. पोर गुटगुटीत होती, आणि पहिली तीन-चार वर्षं हॉरेसला वाटलं की आपण जिंकलो. घरात येणाऱ्या पाहुण्याला तो उत्तरेच्या खोलीत न्यायचा, भिंतीजवळ काडी पेटवून धरायचा आणि म्हणायचा, बघा. काडीची ज्योत सरळ उभी असायची. पाहुणा मान डोलवायचा, कारण त्याला दुसरं काय करावं ते सुचायचं नाही.

चौथ्या हिवाळ्यात मिरियमची छाती वाजायला लागली. नेस्टाने तो आवाज ओळखला. हॉरेसनेही ओळखला. पोर मेली नाही, पण दर हिवाळ्यात तिला धाप लागायची, ओठ निळे पडायचे, आणि डॉक्टर म्हणायचे दमा. हॉरेसने त्याचा अर्थ एकच काढला: अजून कुठून तरी वारा येतोय. त्याने जुनी मोठी चूल विटांनी बंद केली आणि तिथे रॉकेलची शेगडी ठेवली. भिंतींना आतून तेलरंग दिला. फरशीवर लिनोलियम अंथरलं, कडा खिळ्यांनी दाबल्या. खिडक्यांच्या चौकटी पुट्टीने भरल्या आणि रंग देऊन अशा बसवल्या की त्या उघडायच्या बंद झाल्या. मिरियमचा पलंग उत्तरेच्या खोलीत होता, कारण ती खोली सगळ्यांत आधी बुजवलेली, म्हणून सगळ्यांत सुरक्षित. पलंगामागे भिंतीला लागून त्याने मोठं कपाट उभं केलं, आणखी एक आडोसा म्हणून.

तरी पोर खोकायची. तिला दारात जाऊन उभं राहायची सवय लागली होती. जरा संधी मिळाली की दार उघडायची आणि उंबऱ्यावर उभी राहून तोंड वासून हवा घ्यायची. हॉरेस हा स्वभावाने गरीब माणूस. गाईने लाथ मारली तर तिचीच समजूत काढणारा. पण उघडं दार दिसलं की त्याच्या अंगात यायचं. तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचा, दार लाव, दार लाव म्हणतो ना. धावत येऊन तिला दंडाला धरून आत ओढायचा. एकदा तिने सुरीने खिडकीचा रंग खरवडून खिडकी उघडली, तेव्हा त्याने हातोडी आणली आणि चौकटीत खिळे ठोकले, ती बघत असताना. त्याला त्या खिडकीत सेसिल दिसत होता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा देऊन बघा. बोर्थला नेस्टाची बहीण ग्वेन होती. मिरियम तिच्याकडे गेली आणि महिन्याभरात टुणटुणीत झाली. परत आली की पुन्हा धाप. पुन्हा गेली, पुन्हा बरी. सगळे म्हणाले, समुद्राची हवा ती समुद्राची हवा. बोर्थच्या किनाऱ्यावर वारा असा सुटतो की माणसाची टोपी आयर्लंडला जावी, ग्वेनच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या असायच्या, आणि त्या वाऱ्यात ही पोर उड्या मारत होती. पण एकदा माणसाने मनाशी गाठ मारली की डोळ्यासमोरचंही दिसत नाही. हॉरेस परत येऊन बादली घेऊन घराभोवती फिरायचा.

दहाव्या वर्षी मिरियम शाळेसाठी बोर्थलाच राहिली. मग जवळच्या ॲबरिस्टविथ शहरात चपलांच्या दुकानात नोकरीला लागली. नाताळला यायची, जेवायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची. पुढे तेही थांबलं. हॉरेसला भेटायचं तर ती लेमस्टरमध्ये चहाच्या दुकानात भेटायची, पर्स मांडीवर घट्ट धरून. प्रत्येक वेळी तो विचारायचा, एक रात्र तरी राहशील का घरी, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, बघू. नेस्टा मात्र वर्षातून तीन-चारदा एकटीच आगगाडीने बोर्थला जायची. हॉरेस म्हणायचा, मी येतो. ती म्हणायची, गाईंना कोण बघणार. तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं आणि एके वर्षी ती माडीवरच्या दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. हॉरेसने ते वयावर ढकललं. नेस्टा गेली तेव्हा मिरियम चर्चमध्ये आली, कबरीपाशी उभी राहिली, पण घरात आली नाही. गावातल्या बायकांनी ते पाहिलं आणि मनात नोंद करून ठेवली.

त्यानंतर हॉरेसने शेत शेजाऱ्याला कसायला दिलं. थोडी झाडं आणि घर एवढं ठेवलं. कोणी विचारलं की एवढ्या मोठ्या घरात एकटा काय करतोस, तर तो म्हणायचा, पोरीसाठी नीट ठेवतोय. ते तो थट्टेने म्हणत नव्हता. एक रात्र मिरियमने या छपराखाली झोपावं आणि सकाळी धड उठावं, एवढी एकच इच्छा त्याच्या आयुष्यात शिल्लक होती. तेवढं झालं असतं तर आपण केलेलं सगळं वाया गेलं नाही असं त्याने मानलं असतं.

आणि १९७४च्या सप्टेंबरात तिचा फोन आला. छातीसाठी आता एक नवा फवारा मिळतो, तो ओढला की लगेच मोकळं होतं, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, येत्या ऑक्टोबरात एका रविवारी येते, जमलं तर रात्री राहते. हॉरेसने फोन ठेवला आणि लगेच केरसुणी शोधायला उठला.

त्याने उत्तरेची खोली झाडायला घेतली. पण खोलीचं दार अर्ध्यात अडकायला लागलं होतं. वरची कड चौकटीला घासत होती, आणि लिनोलियमखालची जमीन एका कोपऱ्यात खचल्यासारखी लागत होती. दार रंधून घ्यावं म्हणून त्याने रूबेन बफ्टनला बोलावलं. रूबेनही म्हातारा झाला होता, गुडघे गेले होते, पण हात चालत होते.

रूबेनने दार बघितलं आणि रंधा काढलाच नाही. दार ठीक आहे, चौकट उतरली आहे, असं म्हणून तो बाहेर गेला. हॉरेस मागोमाग. जोत्यावर जी पायाची आडवी तुळई असते, जिच्यात सगळे खांब रोवलेले असतात, तिच्यावर रूबेनने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. आवाज आला नाही. मग त्याने लाकूड तासायची पटाशी लावली आणि नुसत्या हाताने दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती फिरवून बाहेर काढली, तेव्हा तिच्याबरोबर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं, तपकिरी बाहेर पडलं.

"हॉरेस, इथे लाकूड नाहीये," रूबेन म्हणाला.

"असं कसं? दिसतंय की."

"डांबराची साल दिसतेय. आत काही उरलेलं नाही."

रूबेन भिंतीच्या कडेने चालत गेला आणि ठिकठिकाणी पटाशी घालत गेला. काही ठिकाणी त्याने घातलीच नाही, नुसतं बोट घातलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो जोत्यावर बसला आणि जे सांगितलं ते हॉरेसकडे न बघता सांगितलं. सिमेंट हलत नाही आणि ओक हलतो, त्यामुळे दोघांच्या मध्ये केसाएवढी चीर पडते आणि पाऊस आत जातो. पूर्वीही जायचा. पण चुना आणि माती ते पाणी शोषून घ्यायची आणि ऊन पडलं की बाहेर सोडायची. वारा त्या फटींतून फिरायचा आणि लाकूड वाळवून जायचा. आपण पाण्याची यायची वाट ठेवली आणि जायची बंद केली. वरून लाकडाला डांबर फासलं, म्हणजे त्यालाही श्वास नाही. आतून तेलरंग, म्हणजे तीही बाजू गेली. आता चाळीस वर्षांचं पाणी त्या लाकडात बसलंय.

"तुला माहीत होतं?" हॉरेसने विचारलं.

"आता आता कळायला लागलंय. मी या गावात निम्मी घरं अशी बुजवलीत. एकेक उघडतोय आणि सगळीकडे हेच बघतोय." रूबेनने पटाशी पँटला पुसली. "माझा बाप चुना लावायचा. का लावायचा ते मी कधी विचारलं नाही."

हॉरेस म्हणाला, मग काढू. सगळं सिमेंट काढू, पुन्हा चुना लावू, मी आहे, माझे हात आहेत. रूबेनने मान हलवली. सिमेंट काढलंस तर घर राहणार नाही, तो म्हणाला. ही भिंत आता त्या सिमेंटच्या सालीवरच उभी आहे. काढलीस तर कोसळेल, ठेवलीस तर कुजत राहील. उत्तरेची आणि पश्चिमेची तरी अशीच आहे. मोठ्या शहरातून कोणी जाणता आणून, सगळं उचलून धरून, नवं लाकूड घालून होईल, पण ते आपलं काम नव्हे आणि आपल्या आयुष्यात होणारं नव्हे.

एवढ्यावर हॉरेस कदाचित उभा राहिला असता. घर म्हणजे शेवटी लाकूड आणि माती. पण जमीन कुठपर्यंत खचली ते बघायला रूबेन खोलीत शिरला आणि दोघांनी मिळून ते मोठं कपाट पुढे ओढलं. कपाटामागची भिंत काळी होती. रंगावरून बुरशी चढली होती, जाड, मऊ, हात लावला असता तर बोट बुडालं असतं. कपाट हललं तसा तिचा धुरळा उठला आणि रूबेनला ठसका लागला. तो खोकत खोकत बाहेर गेला आणि अंगणात वाकून उभा राहिला.

"इथे कोणी झोपत नाही ना?" श्वास बसल्यावर त्याने विचारलं. "माझ्या वहिनीला असंच झालं होतं. रात्रंदिवस धाप. घर बदललं, आणि चार आठवड्यांत बाई ठणठणीत. अशा भिंतीशेजारी चांगल्या माणसाचीही छाती भरते."

रूबेन हे सहज म्हणाला. त्याला काही सुचवायचं नव्हतं. मिरियम लहानपणी कुठल्या खोलीत झोपायची ते त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. हॉरेस तिथेच अंगणात खाली बसला. त्या खोलीतला प्रत्येक हिवाळा त्याच्या डोळ्यांपुढून जात होता, आणि प्रत्येक हिवाळ्यात तो स्वतः हातात बादली घेऊन उभा होता.

रविवार उजाडला. ऊन पडलं होतं. हॉरेसने पेअरच्या झाडाखाली टेबल मांडलं, दोन खुर्च्या मांडल्या, डुकराच्या मांसाचे गार काप, लोणच्यातले कांदे, पाव आणि लोणी आणून ठेवलं. अंगात चर्चला जायचा कोट घातला. मिरियम बसमधून उतरून गल्लीतून चालत आली. अडतीस वर्षांची बाई, केस मागे घट्ट बांधलेले, हातात रात्रीच्या कपड्यांची छोटी पिशवी. तिने खुर्च्या पाहिल्या आणि ती थबकली.

"आत नाही जायचं?"

"नको," हॉरेस म्हणाला. "आत नको जाऊस."

तिचा चेहरा बंद झाला, आणि ती काय समजली ते त्याला कळलं. इतकी वर्षं हा माणूस राहा राहा म्हणून मागे लागला, आणि आज ती पिशवी घेऊन आली तर दारातच अडवतोय. ती खुर्चीच्या कडेवर बसली. हॉरेसला बोलायची सवय नव्हती. तरी त्याने सगळं सांगितलं, उलटसुलट, तुटक तुटक. सेसिलची मेणबत्ती, सिमेंट, डांबर, कपाट, रूबेनची वहिनी. कोटाच्या खिशातून त्याने त्या तुळईचा ओला चोथा काढला आणि टेबलावर ठेवला, तिला पटावं म्हणून. मी तुला वारा लागू नये म्हणून केलं, असं तो म्हणाला. ते त्याने दोनदा म्हटलं.

मिरियमने तो चोथा बोटाने दाबून पाहिला.

"मी विशीत होते तेव्हा ॲबरिस्टविथमध्ये एका डॉक्टरांकडे जायचे," ती म्हणाली. "छातीचे मोठे डॉक्टर. त्यांनी विचारलं, धाप कुठे लागते? मी म्हटलं, वडिलांच्या घरी गेले की. दुसरीकडे कुठेही नाही. ते म्हणाले, मग हे छातीचं नाही, मनाचं आहे. तुला वडिलांची भीती वाटते का?"

हॉरेस टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागला.

"मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, नीट आठवून बघ. मी आठवून बघितलं, डॅड. तुम्ही दारावरून ओरडायचात. दंडाला धरून ओढायचात. खिडकीला खिळे ठोकलेत, मी समोर उभी असताना. आठवायला बसलं की सापडतंच." तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "मग मी म्हटलं, हो, वाटते. आणि त्यानंतर खरंच वाटायला लागली. लेमस्टरमध्ये तुम्ही समोर येऊन बसलात तरी हात गार पडायचे."

"वाटायची तुला," हॉरेस म्हणाला. तो प्रश्न विचारत होता की नुसतं तिचं वाक्य परत म्हणत होता, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मग त्याने विचारलं, "आईला सांगितलं होतंस हे?"

"सांगितलं होतं."

"काय म्हणाली ती?"

खोटं बोलावं का असा विचार मिरियमच्या मनात आला असेल. पण तीही प्रीसच होती, न बोलणं जमायचं, खोटं बोलणं जमायचं नाही.

"म्हणाली, मला वाटलंच होतं."

अंगणात एक पेअर पडलं. हॉरेस त्या काळ्या-पांढऱ्या भिंतीकडे बघत होता, आणि नेस्टा इतकी वर्षं याच घरात आपल्यासमोर बसून काय समजत होती, ते त्याला आता दिसत होतं. तिने आपल्याला पोरीचा छळ करणारा माणूस मानलं, तसंच मानत जेवण वाढलं, तसंच मानत वरच्या खोलीत झोपायला गेली, आणि तसंच मानत मेली. तिला जाऊन सांगायची काही सोय नव्हती. त्याच्या घशातून एक आवाज आला, जनावरासारखा, आणि त्याने तो खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला.

मिरियम रडत होती, पण आवाज न करता. तो उठला. बाप म्हणून जे करायला हवं होतं ते त्याने इतक्या वर्षांत केलं नव्हतं, ते आता करावं म्हणून त्याने तिच्या खांद्याकडे हात नेला. मिरियम खुर्चीत मागे सरली. थोडीशीच. तिच्या मनात नव्हतं, तिच्या अंगाने ते केलं. दोघांनाही ते दिसलं.

"माफ करा," ती म्हणाली. तिचा श्वास वर चढला होता आणि ती पर्समध्ये फवारा शोधत होती. "मला आता कळलंय, डॅड. सगळं कळलंय. पण कळलं म्हणून ते अंगातून जात नाही."

"असू दे," हॉरेस म्हणाला, "असू दे." त्याने आपली खुर्ची उचलली आणि टेबलापासून बरीच लांब, घराच्या भिंतीशी नेऊन ठेवली, तिला मोकळा श्वास घेता यावा म्हणून.